स्लो वाढवून भागत नाही

जुनी फियाट गॅरेजात आली की मालकाचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं. "मिस्त्री, सिग्नलला थांबलं की बंद पडते. तेवढा स्लो वाढवून द्या." स्लो म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग. काम दोन मिनिटांचं आहे. कार्बोरेटरवरचा स्क्रू अर्धा आटा आत घेतला की इंजिन जोरात फिरतं, गाडी बंद पडत नाही आणि मालक समाधानाने घरी जातात. मला मात्र ते पटत नाही. इंजिन उभ्या उभ्या 700-800 आरपीएमवर का टिकत नाही, हे शोधणं म्हणजे दुरुस्ती. स्क्रू पिळणं म्हणजे दोषावर पांघरूण. आणि तो दोष बऱ्याचदा कार्बोरेटरात नसतोच, तो टायमिंगमध्ये, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेत असतो.

सोलापूरला ही गाडी परकी नाही. 1882 साली याच शहरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 बाहेर पडू लागली आणि सत्तरच्या दशकात तीच पद्मिनी झाली. उत्पादन थांबून दोन तपं उलटली. मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली. तरी आमच्याकडे वडिलांची गाडी म्हणून ती जपणारी घरं आहेत. 1089 सीसीचं ते चार सिलिंडरचं इंजिन कुठल्याही कॉम्प्युटरवर चालत नाही. ठिणगी कधी पडावी आणि पेट्रोल किती जावं, हे मिस्त्रीचा हात ठरवतो. म्हणून जबाबदारीही त्या हाताचीच.

सिलिंडरमधलं पेट्रोल आणि हवा एका क्षणात जळून जात नाही, त्याला साधारण दोन मिलिसेकंद लागतात. पिस्टन टॉपला पोचून खाली वळताना दाब सगळ्यात जास्त हवा, म्हणून ठिणगी आधीच पाडावी लागते. 800 आरपीएमला क्रँकची एक फेरी 75 मिलिसेकंदांत होते, म्हणजे दोन मिलिसेकंदांत क्रँक दहा अंश फिरतो. 3000 आरपीएमला तेवढ्याच वेळात तो 36 अंश फिरतो. वेगात सिलिंडरमध्ये घुसळण वाढते, त्यामुळे जळणंही थोडं लवकर होतं, पण ठिणगी पुढे घ्यावीच लागते. हे काम डिस्ट्रिब्युटरमधली दोन छोटी वजनं करतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि टायमिंग अॅडव्हान्स होतं.

स्लो आणि टायमिंग एकमेकांत अडकलेत ते इथेच. स्लो आधीच चढवून ठेवलेला असेल तर वजनं थोडी उघडलेली असतात. अशा इंजिनावर टायमिंग लाइट मारली तर पुलीवरची खूण बरोबर जागी दिसते, पण ते खरं टायमिंग नसतं. उलट, टायमिंग रिटार्ड, म्हणजे मागे असेल तर स्लो आपोआप पडतो. मग कोणीतरी स्क्रू पिळतो. गाडी चालते, पण जळणं उशिरा होत असल्याने उष्णता सायलेन्सरकडे आणि पाण्यात जाते. रेडिएटर उकळतो, पिकअप मरतो, पेट्रोल जास्त खाते. चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार गचके देत फिरत राहतं, कारण स्क्रूने कार्बोरेटरची झडप जास्त उघडी ठेवलेली असते.

टायमिंग आपोआप मागे का जातं, हे डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडल्यावर दिसतं. आत सीबी पॉइंट असतात, ते उघडले की ठिणगी पडते. त्यांना फायबरचा एक छोटा टेकू असतो. तो कॅमवर सतत घासतो आणि झिजतो. तो झिजला की पॉइंटमधली फट कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि ठिणगी उशिरा पडते. मालकाला यातलं काही जाणवत नाही, कारण झीज रोज केसभर होते. त्यांना कळतं ते एवढंच, की हल्ली सिग्नलला बंद पडते.

म्हणून माझ्या कामाचा क्रम कधी बदलत नाही. आधी टॅपेट, मग प्लग, मग पॉइंट. इंजिन हाताने फिरवून टेकू कॅमच्या उंचवट्यावर आणायचा आणि फटीत फिलर गेज घालायची. ती सरकावी, पण पात्याला किंचित ओढ लागावी. फट पुस्तकात दिलेली, साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर. मग एक नंबरचा पिस्टन टॉपच्या अलीकडे खुणेवर आणायचा. इंजिन नेहमी फिरण्याच्या दिशेनेच आणायचं. खूण ओलांडली तर जरा जास्त मागे नेऊन पुन्हा पुढे यायचं, म्हणजे गिअरमधला खेळ निघून जातो. टेस्ट लॅम्पची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. चावी ऑन. डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा. बल्ब पेटला तो क्षण पॉइंट उघडल्याचा. तिथे नट आवळायचा आणि पुन्हा तपासायचं, कारण आवळताना डिस्ट्रिब्युटर हमखास हलतो.

स्लोचा नंबर सगळ्यात शेवटी. इंजिन पूर्ण गरम, चोक बंद. मिक्स्चरचा स्क्रू आतबाहेर करून इंजिन सगळ्यात गुळगुळीत कुठे चालतं ते शोधायचं, मग स्लो उतरवायचा, मग परत मिक्स्चर. यंत्रमागावर आयुष्य काढलेल्या माणसाला जसं धागा तुटल्याचं आवाजावरूनच कळतं, तसा इथे कान तयार व्हावा लागतो.

पण टायमिंग मात्र नुसत्या कानावर ठेवू नये. उभ्या इंजिनाला जास्त अॅडव्हान्स आवडतो. डिस्ट्रिब्युटर पुढे घेतला की आवाज हलका होतो, स्लो चढतो. ओझं पडल्यावर मात्र तेच टायमिंग महाग पडतं. त्यात मे महिन्यात सोलापूरचा पारा 43-44 अंशांवर जातो. हवा गरम, इंजिन गरम, आणि नॉकिंगला तेवढं पुरतं. म्हणून मी गाडी तुळजापूरच्या घाटात नेऊन बघतो. तिसऱ्या गिअरमध्ये चढावर नॉकिंगचा कोरडा टणटणाट ऐकू आला तर टायमिंग थोडं मागे. उन्हाळ्यात भर दुपारी गाडी बंद पडली तर आधी इंजिनाच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून बघतो. पंपात पेट्रोलची वाफ झाली असेल तर पंप गार होताच गाडी सुरू होते. अशा वेळी टायमिंगला हात लावायचा नाही.

आता पेट्रोलही बदललं आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल वीस टक्क्यांपर्यंत पेट्रोलमध्ये येतं. इथेनॉल नॉकिंगला विरोध करतं, हे चांगलंच. पण त्याच्या अंगात ऑक्सिजन असतो. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9 किलोच. जुन्या कार्बोरेटरचं जेट मात्र तेच, त्यामुळे मिक्स्चर पातळ पडतं आणि स्लो डगमगतो. यावरही स्लो वाढवणं हा उपाय नाही. मिक्स्चर थोडं जड करा आणि जुने रबरी पाइप बदला.

ज्यांच्या दारात अजून फियाट आहे त्यांना माझं एकच सांगणं आहे. मिस्त्रीला "स्लो वाढवा" म्हणू नका. "स्लो का पडला ते बघा," असं म्हणा, आणि त्याला अर्धा दिवस द्या. पॉइंटची फट आणि टायमिंग किती ठेवलं ते एका वहीत तारखेसह लिहून घ्या. पुढच्या मिस्त्रीच्या हातात ती वही असेल, तर तो स्क्रूला हात लावण्याआधी पॉइंटचं झाकण उघडेल.