माहेरची कॉफी, सासरचं पाणी

सूरजागडच्या बाजूला राहून कॉफीवर लिहायचं, म्हणजे कोकणात बसून गव्हाच्या जातींवर बोलण्यासारखं आहे, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. इकडे मोहाची फुलं, तेंदूची पानं, बांबू आणि भात. आपल्या महाराष्ट्रात कॉफी पिकते ती विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, चिखलदऱ्याला. पण मैत्रिणींनो, घरात सून कुठल्या मुलखातून येईल हे काही पिकांच्या नकाशावर लिहिलेलं नसतं!

आम्ही एटापल्लीला राहतो. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत हा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता, मग गडचिरोली वेगळा झाला. सूरजागडचा डोंगर म्हणजे लोखंडाचा डोंगर. माडिया लोकांच्या ठाकूरदेवाचं तिथे स्थान आहे, जानेवारीत यात्रा भरते. आणि तिथेच लोहखनिजाची खाणही आहे. आमचे हे शाळेतून निवृत्त झालेले, धाकटा मुलगा खाणकामावर. त्याची बायको कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातली, कानडी. दोघांची ओळख नागपूरला शिकताना झाली.

सूनबाई आली ती ट्रंकेत साड्यांच्या घडीत एक स्टीलचा फिल्टर घेऊन. फिल्टर म्हणजे डब्यावर बसणारा डबा. वरच्याच्या तळाला बारीक भोकं. त्यात कॉफीची पूड दाबायची, वरून कढत पाणी ओतायचं आणि खालच्या डब्यात थेंब थेंब उतरणाऱ्या काळ्याभोर अर्काची वाट बघायची. त्याला ती ‘डिकॉक्शन’ म्हणते. पूड तिचे वडील दर महिन्याला पोस्टाने पाठवायचे. आमचं घर पक्कं चहाचं. कॉफी म्हणजे आमच्याकडे पाहुण्यांसाठी दुधात उकळलेली, साखर आणि जायफळ घातलेली. तिने ती एकदा घेतली, “छान आहे आई,” म्हणाली आणि पुन्हा काही मागितली नाही.

पहिल्याच पावसाळ्यात तिला दिवस राहिले. नाल्यांना पूर आला की इकडचे रस्ते बंद. नवरा पाळीवर, माहेर दोन दिवसांच्या वाटेवर, भाषा अर्धीमुर्धी येणारी. पोर दिवसभर फारसं बोलायची नाही. सकाळी फिल्टरवर बोटाने टकटक करून थेंब पडताहेत का पाहायची, तेवढाच काय तो चेहरा उजळायचा. तिसऱ्या महिन्यात रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.७. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि कॉफी-चहा जपून घ्यायला सांगितलं. घरी आल्यावर हे म्हणाले, “जपून कशाला? कॉफी बंदच करा. घेऊ दे आपल्यासारखा चहा.” सूनबाई काही बोलली नाही. फिल्टर घासला, फडक्यात गुंडाळला आणि वरच्या फळीवर ठेवून दिला.

लोखंडाच्या डोंगराच्या पायथ्याशी राहायचं आणि रक्तातच लोह नाही, असं हे नशीब काही तिचं एकटीचं नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. तेव्हा हा विषय गमतीचा नव्हे. पण माहेरची म्हणून तिच्याजवळ उरलेली एक गोष्ट फळीवर चढली, हेही मला गमतीचं वाटेना. पुढच्या तपासणीला मी डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं, “जपून म्हणजे किती आणि केव्हा?” त्या म्हणाल्या, “दिवसाला दोन लहान कप चालतील. पण जेवणाबरोबर नको, गोळीबरोबर तर नकोच.”

त्याचं कारणही समजून घेतलं. अन्नातलं लोह शरीरात शिरताना चहा-कॉफीतली काही द्रव्यं ते अडवून धरतात. १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात जेवणाबरोबर कॉफी घेतली तर लोहाचं शोषण ३९ टक्क्यांनी घटलं, आणि चहा घेतला तर ६४ टक्क्यांनी! जेवणानंतर तासाभराने घेतलेली कॉफीही तितकीच आडवी आली. मात्र जेवणाच्या तासभर आधी घेतलेली आली नाही. हे आकडे मी यांना वाचून दाखवले. म्हटलं, “अहो, बंद करायचं तर आधी आपला जेवणावरचा चहा बंद करू या.” हे वर्तमानपत्रामागे गेले. फिल्टर खाली आला.

मग आम्ही दोघी कॉफीचा अभ्यासच करायला बसलो. ती कानडी-मराठी-हिंदीत सांगायची आणि मी ते स्वयंपाकघराच्या भाषेत मांडायची. तेच तुमच्यासाठी लिहिते आहे.

आधी बी. बाजारातली कॉफी मुख्यत्वे दोन जातींची : अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिका उंच डोंगरावरची, नाजूक, वासाला गोड, किंचित आंबूस. रोबस्टा दणकट, कडू आणि दाट. आपल्या देशात पीक तिचंच जास्त. महत्त्वाचा फरक कॅफिनचा. अरेबिकात ते साधारण सव्वा टक्का, रोबस्टात त्याच्या जवळजवळ दुप्पट. सूनबाईच्या घरची पूड रोबस्टाची, त्यात ३० टक्के चिकोरी. चिकोरी म्हणजे एका झाडाचं भाजलेलं मूळ. आपल्याकडे ते गुजरात आणि उत्तर प्रदेशात पिकवतात. त्यात कॅफिन नसतं. रंग आणि दाटपणा येतो. कायद्याप्रमाणे मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि पुड्यावर दोन्हींचं प्रमाण छापलेलं हवं. तेव्हा घेताना पुडा उलटून वाचा.

आता हिशेब पाहा. दोन कपांना १५ ग्रॅम पूड, त्यात साडेदहा ग्रॅम कॉफी. रोबस्टाची असेल तर कॅफिन सुमारे २३० मिलिग्रॅम, अरेबिकाची असेल तर सव्वाशेच्या आसपास. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारसूचनांत दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली आहे. गरोदरपणी २०० च्या आत राहावं असं अनेक देशांतले डॉक्टर सांगतात. म्हणजे कप तेच, डबा तोच, बी बदललं की भार निम्मा! तिने वडिलांना फोन करून अरेबिका मागवली. चिकोरी मात्र वाढवली नाही, तीसच ठेवली.

दुसरी भाजणी. थालीपिठाची भाजणी करणाऱ्या बाईला हे शिकवायला नको. बी हलकं भाजलं तर रंग दालचिनीसारखा, आंबूसपणा आणि मूळचा सुवास टिकतो. मध्यम भाजलं की गोडवा येतो. काळपट होईपर्यंत भाजलं की वर तेल सुटतं, कडवटपणा चढतो आणि सगळी बियाणी एकसारखी लागू लागतात. म्हणून आधी ठरवा : दूध घालणार की नाही? हलक्या भाजणीचा नाजूक वास दुधात बुडून जातो. दुधाच्या कॉफीला मध्यम ते गडद, बिनदुधाच्या कॉफीला हलकी ते मध्यम.

तिसरं दळण, आणि ते भांड्यावर अवलंबून. पाणी पुडीबरोबर जितका जास्त वेळ राहणार तितकं दळण जाड, हा नियम लक्षात ठेवा.

दट्ट्याचा काचेचा जार असेल तर लापशीच्या रव्यासारखी जाड पूड, मध्यम भाजणी, चार मिनिटं मुरू द्या, मग दट्टा हळू दाबा. कागदी गाळणीच्या शंकूतून पाणी तीनेक मिनिटांत उतरतं. तिथे बारीक रव्यासारखं दळण आणि हलकी भाजलेली अरेबिका. एक ग्रॅम पुडीला १५-१६ ग्रॅम पाणी. इटालियन मोका पॉट, म्हणजे खालचं पाणी वाफेच्या दाबाने पुडीतून वर चढवणारं भांडं. त्याला त्याहून बारीक पूड, पण मैदा नव्हे. आंच मंद, आणि पूड दाबायची नाही. थंड कॉफी हवी तर जाड पूड गार पाण्यात बारा तास फ्रिजमध्ये ठेवून गाळा.

दक्षिणी फिल्टर या नियमाला थोडा अपवाद. पंधरा-वीस मिनिटं लागतात, तरी पूड बारीक रव्याहून जराशी बारीकच, कारण अर्क दाट हवा, पुढे त्यात दूध पडायचं असतं. १५ ग्रॅम पूड हलकी दाबून, वर १२० मिलिलिटर पाणी. फार बारीक असेल तर भोकं बुजून थेंबच पडत नाही.

आणि आपली पातेल्यातली जायफळाची कॉफी? तिला महागाचं बी वाया घालवू नका. गडद भाजणीची, चिकोरीची साधी पूड उत्तम. दूध उकळल्यावर घाला, एक उकळी येताच उतरवा.

राहिलं पाणी. आमच्या बोअरच्या पाण्यात लोह इतकं, की चहा-कॉफीला काळपट झाक आणि गंजासारखी चव येते. (ते लोह अंगी लागेल म्हणून पिऊ नये हं!) रात्री पाणी रुंद तोंडाच्या पातेल्यात दोन-तीनदा उंचावरून ओतून ठेवते. सकाळी तांबूस गाळ तळाशी बसतो. वरचं निवळ पाणी पंचातून गाळून घ्यायचं. उकळी फुटली की अर्धा मिनिट थांबून मग ओतायचं, म्हणजे पूड करपल्यासारखी लागत नाही.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या माडिया मावशींनी हे सगळं पाहून तरोट्याचं बी आणून दिलं. पावसाळ्यात आपण ज्याची भाजी करतो तोच तरोटा, म्हणजे टाकळा. त्याचं बी खरपूस भाजून दळलं की कॉफीच्या जवळ जाणारं पेय होतं, आणि त्यात कॅफिन नाही. पण बी सारक असतं, म्हणून गर्भारशीला मी दिलं नाही. आमचे हे मात्र संध्याकाळी अर्धा कप आवडीने घेतात.

सूनबाईचा दिनक्रम असा बसला : साडेसहाला पहिला कप, आठला नाश्ता. साडेबाराला जेवण, चारला दुसरा लहान कप. गोळी कॉफीपासून लांब, सकाळी अकराला लिंबाच्या पाण्याबरोबर. जेवणात पालेभाजी, मोड आलेली कडधान्यं. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.३ झालं. श्रेय गोळ्यांचं आणि जेवणाचं, कॉफीचं नाही. पण कॉफी आड आली नाही, आणि पोर नीट जेवू लागली, एवढं मी सांगू शकते. यांचा जेवणावरचा चहाही दोन तास पुढे सरकला आहे.

आता बाळंतपणाला ती माहेरी निघाली आहे. बॅग भरताना मी विचारलं, “फिल्टर ठेवायचा ना गं यात?”

“तिकडे चार आहेत, आई,” ती म्हणाली. “हा इथेच राहू दे. परत आल्यावर मला लागेल.”