शनवाऱ्यात उतरायचं कुठे?

आमच्या घरात हॉटेल शोधायची वेळ आजवर कोणावर आलीच नव्हती. सुट्टी म्हणजे मामाचं गाव, देवदर्शन म्हणजे भक्तनिवास आणि त्यापलीकडे गेलोच तर सहलवाल्यांची बस. ते थांबवतील तिथे उतरायचं, देतील ती किल्ली घ्यायची. या दिवाळीनंतर मात्र नणंदेच्या कुटुंबासह बुऱ्हाणपूरला जायचं ठरलं आणि हॉटेलचं काम माझ्या गळ्यात पडलं. "मोबाइलवर बघ, दहा मिनिटांचं तर काम," नवरा म्हणाला. त्याला काय जातंय म्हणायला!

नाशिकहून बुऱ्हाणपूर तसं दूर नाही. भुसावळला गाडी इटारसीच्या मार्गाला लागली की तासाभराचा प्रवास. रावेर मागे पडलं की थोड्याच वेळात मध्य प्रदेश. पण तिथे जाण्यामागे प्रत्येकाचं कारण वेगळं होतं. मुमताज महल गेली ती आग्र्यात नाही, बुऱ्हाणपुरात, १६३१च्या जूनमध्ये, हे मुलीने कुठेतरी वाचलं होतं. तापीपलीकडे जैनाबादला आहूखाना नावाच्या बागेत तिला आधी पुरलं आणि काही महिन्यांनी आग्र्याला नेलं. ती जागा मुलीला बघायची होती. मुलाला असीरगड हवा होता. पुरंदरच्या तहातले मिर्झाराजे जयसिंग १६६७ मध्ये याच गावी वारले, त्यांची छत्री बघायचं नवऱ्याच्या मनात होतं. संभाजीराजांनी १६८१च्या सुरुवातीला इथेच छापा घातला, हे नणंदेचे यजमान प्रत्येक फोनवर सांगत होते. सासूबाईंना तापीचं दर्शन हवं होतं. आणि मावा जिलबी सगळ्यांनाच.

पहिल्या संध्याकाळी मी मोबाइल घेऊन बसले आणि तासाभरात डोकं गरगरायला लागलं. सगळ्या खोल्या एकसारख्या. पांढरी चादर, पायथ्याशी लाल पट्टी, टॉवेलचा केलेला हंस. एकाच खोलीचे तीन ठिकाणी तीन भाव. हॉटेलला थेट फोन केला तर चौथाच. 'डीलक्स'पेक्षा 'सुपर डीलक्स'मध्ये जास्त काय, तर एकाने सांगितलं, "मॅडम, उसमें सोफा है." दर सांगताना कर कोणी धरतं, कोणी धरत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आला आहे, हे एका जागी बोलताना कळलं. तेव्हापासून "सगळं मिळून किती?" एवढंच विचारायला लागले. त्यात जादा गादीचे पैसे, लहान मुलांचं वय आणि नाश्ता हे तिन्ही वदवून घ्यायचं.

पत्ता मात्र सगळे एकच सांगत. "शनवाऱ्याजवळ." "शनवाऱ्यापासून पाच मिनिटं." रिक्षा कुठून मिळेल? शनवाऱ्यातून. जेवण? शनवाऱ्यात. शेवटी मुलीने नकाशा उघडून दिला. बुऱ्हाणपूरच्या जुन्या शहराभोवती कोट होता आणि त्याला दरवाजे; शनवारा हा त्यातला एक. आता त्याच्या आसपास वर्दळीचा चौक झाला आहे. रेल्वे स्टेशन तिथून काही किलोमीटरवर, लालबागच्या बाजूला. राहायची जागा स्टेशनजवळच घ्यायची, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्या समजुतीला इथे काही अर्थ उरला नाही.

मग कागद घेतला आणि आमची ठिकाणं मांडली. असीरगड उत्तरेला वीसेक किलोमीटर. कुंडी भंडारा, म्हणजे जुनी भुयारी पाणीव्यवस्था, लालबागेकडे. शाही किल्ला आणि त्यातला चित्रांचा हमाम गावातच, तापीच्या काठावर. जामा मशीद गांधी चौकात. तिथे अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. आहूखाना नदीपलीकडे, जयसिंगांची छत्री गावाबाहेर. चार दिशांना चार तोंडं. असीरगडला जाताना कुठलंही हॉटेल लांबच, आणि गावातली ठिकाणं बघताना शनवाऱ्याच्या बाजूचं कुठलंही जवळच. म्हणजे 'सगळ्या ठिकाणांना जवळ' या जाहिरातीवरून काहीच ठरत नव्हतं.

मध्येच इतिहासाने मला मदत केली. नणंदेच्या यजमानांनी पाठवलेल्या मजकुरात टॉमस रो भेटला. इंग्लंडच्या राजाचा हा वकील १६१५च्या नोव्हेंबरमध्ये जहांगीरच्या दरबाराकडे जाताना बुऱ्हाणपुरात थांबला होता. तेव्हा शाहजादा परवेझचा मुक्काम इथे होता. कोतवाल स्वतः सामोरा आला, पुढे निशाणं, मागे लवाजमा, अशा थाटात पाहुण्याला सराईत नेलं. आणि खोल्या? विटांच्या भिंतीतल्या, वरून घुमटाकार, भट्टीएवढ्या चार कोठड्या. साहेबाने हे सगळं रोजनिशीत लिहून ठेवलं आणि मुक्काम आपल्या तंबूत ठोकला.

हे वाचून मला एकदम हलकं वाटलं. राजाच्या वकिलाचंही स्वागत झोकात झालं आणि खोली मिळाली ती तशी! मी इतके दिवस स्वागतकक्षाचे फोटो, झुंबरं, काचेचे दरवाजे बघत होते. रोसाहेबाकडे निदान तंबू होता. आमच्याकडे तंबू नाही. सासूबाईंचे गुडघे आहेत, नणंदेचं दीड वर्षांचं बाळ आहे आणि सकाळी कढत पाण्याशिवाय अंघोळ न करणारे तिचे यजमान आहेत. खोली या तिघांना पुरली तर सहल नीट, नाहीतर मुमताज आणि मिर्झाराजे दोघेही वाया.

तिथून माझे प्रश्न बदलले. "लिफ्ट आहे का?" असं विचारलं की सगळे "आहे" म्हणतात. "रस्त्यावरून खोलीत जाईपर्यंत एकूण पायऱ्या किती?" असं विचारल्यावर एका जागी थोडा वेळ शांतता आणि मग, "सात-आठ तो बाहर की हैं, फिर लिफ्ट." "गरम पाणी आहे का?" याऐवजी "गिझर खोलीत आहे की ठरावीक वेळेला पाणी सोडता?" बाळासाठी दूध रात्री कोण तापवून देईल? संडास कमोडचा आहे ना? कमी तारे देणाऱ्यांचे अभिप्राय मी तारखेसकट वाचायला लागले. 'छान', 'उत्तम'पेक्षा रागावलेली माणसं जास्त कामाचं सांगतात.

अशाच एका रागावलेल्या माणसाने सर्वांत मोठा धोका दाखवला: लग्न. मध्य प्रदेशात पुष्कळ हॉटेलांना लागून 'मॅरेज गार्डन' असतं. इकडे तुळशीचं लग्न लागलं की माणसांची सुरू होतात, आणि आमच्या तारखा नेमक्या त्यानंतरच्या. "त्या दिवशी तुमच्याकडे लग्न आहे का?" हा प्रश्न ऐकून एकाने उलट मलाच विचारलं, "मॅडम, कितने मेहमान होंगे?" दुसरी गोष्ट मागांची. बुऱ्हाणपूर यंत्रमागांचं गाव. काही वस्त्यांत खटखट रात्रीही थांबत नाही. ज्यांना सवय आहे ते त्यात गाढ झोपतात, आमचं बाळ झोपलं नसतं. म्हणून मागच्या बाजूची खोली मागताना तिच्यामागे काय आहे हेही विचारायचं.

वेळेचा गोंधळ निराळाच. आमची गाडी पहाटे पोहोचणार होती. काही ठिकाणी दिवस दुपारी बाराला सुरू होतो. पहाटे पाचला खोली हवी तर आदल्या दिवसाचेही पैसे. काही ठिकाणी चोवीस तासांचा हिशोब, आलात त्या वेळेपासून. भाव जरा जास्त असूनही दुसरं आम्हाला स्वस्त पडत होतं, हे कागदावर मांडल्यावरच कळलं. पर्यटन महामंडळाचं ताप्ती रिट्रीटही मी यादीत ठेवलं होतं. दरगाह-ए-हकीमीला येणाऱ्या बोहरा यात्रेकरूंची व्यवस्था चांगली असते असंही ऐकलं, पण ती त्यांच्यासाठी.

शेवटी दोन जागा उरल्या. एक गावाबाहेर, हिरवळ, मुलांना झोपाळे, भरपूर पार्किंग. दुसरी शनवाऱ्याच्या बाजूला, दर्शनी भाग साधा, खोल्या मोठ्या, बाहेर एकच पायरी. मुलांची मतं झोपाळ्यांना पडली. दुसरीकडे फोन केला तेव्हा माझं अडखळतं हिंदी ऐकून पलीकडच्या बाईच मराठीत म्हणाल्या, "ताई, मराठीत बोला ना, आमच्या घरातही मराठीच आहे. आजी आहेत ना सोबत? मग खालच्या मजल्यावरची देते. सगळ्या मोठ्यांचं आधार तेवढं आणा." मी तिथेच आगाऊ रक्कम भरली. मुलं दिवसभर फुरंगटून होती.

निवड बरोबर होती की नाही, ते असीरगडाच्या दिवशी ठरलं. गडाचा चढ सासूबाईंना झेपणारा नव्हता आणि आदल्या दिवशी कुंडी भंडाऱ्यात लिफ्टने खाली उतरून आलेलं बाळही किरकिरत होतं. दोघं हॉटेलातच थांबली, नणंद सोबतीला. गावाबाहेरच्या जागी तो दिवस टीव्हीसमोर गेला असता. इथे दुपारी बाळ झोपल्यावर सासूबाई एकट्याच बाहेर पडल्या. आम्ही परतलो तेव्हा टेबलावर दराबा आणि मावा जिलबीचे पुडे होते, रिक्षावाल्याशी संध्याकाळचं ठरलं होतं आणि त्याचा नंबर कागदावर लिहून ठेवला होता.

"तापीवर जायला किती घेणार म्हणाला?" नवऱ्याने विचारलं.

"तुला सांगितला असता त्याच्या निम्मा," सासूबाई म्हणाल्या. "आता चला लवकर, तो शनवाऱ्यात उभा आहे."