अंजनवेलचा पैलतीर

मैत्रिणींनो, गुहागरला जाल तेव्हा अंजनवेलचा गोपाळगड जरूर पाहा. वाशिष्ठीच्या मुखावरल्या या गडावरून पलीकडे दाभोळ दिसतं. धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की दापोली तालुका लागतो. तिथलं मुरूड हे महर्षी कर्व्यांचं गाव.

१८९३ साली कर्व्यांनी देवरुखच्या बालविधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकलं. गोदूबाईंचं शिक्षण झालं होतं पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात. १८८९ साली मुंबईत निघालेल्या सदनातल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी!

रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या. पण धर्म बदलला तरी मान काही तुकवली नाही. बाईने पुरुषांना शिकवू नये, असं बिशप म्हणाले, तेव्हा त्यांनाही त्यांनी जाब विचारला. पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून, १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत खपून, त्यांनी अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. खिळे जुळवणं, छापणं हेही मुक्ती मिशनमधल्या बायकांनीच केलं.

पोथी आपण रोज वाचतो. पण तिचा अर्थ कोण सांगतं? गडाच्या तटावर घटकाभर टेकाल, तेव्हा एवढं मनाशी विचारून पाहा.