पाना आपल्या हाती

आपल्या बायकांच्या हाताला यंत्र काही नवीन नाही. शिलाई मशीनचा पट्टा आपण चढवतो, कुकरचं रबर बदलतो, गॅसचा बर्नर खोलून साफ करतो. पण सायकल म्हटली की ते ‘माणसांचं काम’ होतं. आमच्या घरीही चिमटा-उलथनं स्वयंपाकघरात आणि पाना-पक्कड बैठकीतल्या उंच फळीवर, अशी वाटणी होती.

आमचं बेला आदिलाबाद जिल्ह्यात, म्हणजे तेलंगणात. पण पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र, त्यामुळे घरात नि बाजारात मराठीच. काळी जमीन, कापूस आणि सोयाबीन. सोयाबीन निघायच्या दिवसांत घरच्या माणसांना जेवायला फुरसत नसते. अशातच माझ्या पुतणीच्या सायकलचे ब्रेक गेले. ती दहावीत, घर शेतावर, शाळा बेल्यात. पहिल्या दिवशी भाऊजी म्हणाले, “आज नाही जमत, उद्या नेतो मिस्त्रीकडे.” दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी घरातली मोठी माणसं म्हणू लागली, “काऊन जाते एवढ्या लांब? घरी कामं का कमी हायेत?”

रबराची ती किंमत काय! पण गोष्ट ब्रेकवरून निघाली आणि शाळेवर आली. मी पुतणीला निरोप दिला, “सायकल हातात धरून इकडे घेऊन ये.”

माझं माहेर पांढरकवड्याचं. वडिलांच्या किराणा दुकानाला लागूनच सायकलचं दुकान होतं. पोत्यावर बसून मी मिस्त्रीचे हात बघायची. तेवढं पाहणं अजून पुरतंय.

आधी चाक उचलून फिरवलं. रिम डुलत असेल किंवा चाक मधोमध नसेल तर ब्रेक कितीही कसा, एका बाजूला घासणारच. मग जुनी रबरं काढली. पार गुळगुळीत, खाचा गेलेल्या. नवीन रबराच्या पत्र्याच्या खोबणीला एक तोंड बंद असतं, एक उघडं. बंद तोंड सायकल जाते त्या दिशेला, म्हणजे पुढे हवं. उलटं बसवलं तर ब्रेक दाबताच चाकाच्या ओढीनं रबर खोबणीतून निसटून जातं. रबर रिमवरच टेकलं पाहिजे. वर गेलं तर टायर कापतं, खाली गेलं तर आऱ्यांकडे सरकतं.

मग वायर. जुन्या काळ्या सायकलींना सळईचे ब्रेक असायचे. हिच्या सायकलला वायर आहे. बाहेर वेटोळ्यांचं कवच, आत पीळ घातलेली तार. असल्या वायरचं पेटंट बाउडन यांनी ब्रिटनमध्ये १८९६ साली घेतलं, आणि अजून तीच रीत चालते. पुतणीला म्हटलं, “दोन्ही रबरं रिमवर दाबून धर.” मी पक्कडीनं वायर ओढली आणि नट आवळला. हात सोडल्यावर दोन्ही बाजूंना दोन-तीन मिलिमीटर फट राहिली. उरलंसुरलं वायरच्या तोंडाशी असलेल्या गोल नटानं जुळवलं. तो बाहेर फिरवला की ब्रेक घट्ट होतो, आत फिरवला की सैल.

पुढचं चाक झालं तशी ती म्हणाली, “काकू, मागचं मी करू?”

मी पाना तिच्या हाती दिला. तिनं एकदा नट जास्त आवळला, चाक फिरेना. पुन्हा सोडला, पुन्हा बसवला. अर्धा तास गेला, पण मी हात लावला नाही.

नदीपलीकडे महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. चांगलंच आहे. पण सायकल नादुरुस्त झाली की मुलगी पुन्हा कुणाच्या तरी फुरसतीची वाट बघते, आणि वाट बघता बघता शाळा सुटते. म्हणून मुलीला सायकल देताना पानाही द्यावा आणि तो धरायलाही शिकवावं.

तिला आणखी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रिमला तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, आणि काळा चिखल दर वेळी कोरड्या फडक्यानं पुसायचा. दुसरं, पावसात लोखंडी रिमवर ब्रेक उशिरा धरतो. आपल्या साध्वीजी चार हात पुढची जमीन बघून पाऊल टाकतात, तसं लांबूनच बघायचं आणि आधीपासून हलके हलके दाबायचं. नुसता पुढचा ब्रेक करकचून दाबायचा नाही, दोन्ही मिळून दाबायचे.

चौथ्या दिवशी ती शाळेत गेली. आता तिच्या वर्गातल्या दोघी रविवारी आमच्या अंगणात सायकली घेऊन येतात. पाना त्याच मागून घेतात. मी चहा टाकते.