पाण्याचा दिवस सोडून नळदुर्गला

आम्ही चौघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. चौघींची घरं सोलापुरातच, पण चार वेगळ्या भागांत. पावसाळा संपला की एक दिवस कुठेतरी जाऊ, असं दरवर्षी ठरायचं आणि राहून जायचं. कारण ऐकून बाहेरगावच्या वाचकांना हसू येईल. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि प्रत्येक भागाचा दिवस निराळा. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी घरातली बाई उंबरा ओलांडत नाही. यंदा ऑक्टोबरमध्ये आम्ही कॅलेंडर पुढ्यात घेऊन चौघींच्या पाण्याच्या दिवसांवर फुल्या मारल्या. एक मंगळवार तेवढा मोकळा सापडला.

फजरनंतर डबे भरले. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, उकडलेली अंडी. हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग सोलापूरपासून ४५-५० किलोमीटर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे घरी हिशेब द्यायचीही चिंता नव्हती. शहर मागे पडलं तशी काळी शेतं दिसू लागली. कुठे सोयाबीनची मळणी चाललेली, कुठे ज्वारीची पेरणी, बांधाकडेला तूर फुलावर आलेली. पुढे बालाघाटच्या उतरणी सुरू झाल्या. पावसानंतरचं गवत पिवळं पडायला लागलं होतं. स्टँडवर सीताफळांच्या पाट्या घेऊन बायका बसल्या होत्या. परतताना घेऊ म्हणून आम्ही भाव तेवढा विचारून ठेवला.

किल्ला बोरी नदीच्या वळणावर आहे. अली आदिलशाहाच्या काळात त्याची दगडी तटबंदी उभी राहिली. आत शिरलं की पडक्या भिंती, कमानी आणि वाढलेली झाडं. पण आम्हाला ओढ होती ती पाणीमहालाची. दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, बोरी नदीवर दगडी बंधारा घालून किल्ला पलीकडच्या रणमंडळाशी जोडला गेला आणि त्या बंधाऱ्याच्या पोटात महाल बांधला. बांधणारा म्हणून मीर इमादीनचं नाव घेतलं जातं. परतीचा पाऊस चांगला झाल्यामुळे नर आणि मादी हे दोन्ही धबधबे वाहत होते. अरुंद पायऱ्या उतरून आत गेलो, तर डोक्यावरून नदी चाललेली आणि पायाखाली कोरडी फरशी! खिडकीबाहेर पाण्याचा पडदा. बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून बराच वेळ कुणी बोललंच नाही.

बाहेर आल्यावर आमच्यातली शिक्षिका म्हणाली, "पडक्या जागा पाहिल्या की आपण राजे मोजतो. पाणी मोजावं." तिने मुलांना शिकवलेला एक धडा सांगितला. अमेरिकेतल्या कोलोरॅडोमध्ये मेसा व्हर्डे नावाच्या पठारावर लोकांनी कड्यांच्या कपारीत दगडी घरं बांधली होती. १२७६ ते १२९९ या काळात तिथे मोठा दुष्काळ पडला. १३०० च्या सुमारास ती वस्ती रिकामी झाली. दुष्काळ हे त्यामागचं एक मोठं कारण. माणसं संपली नाहीत, दक्षिणेकडे सरकली. त्यांचे वंशज प्युब्लो लोक आजही आहेत. घरं मात्र मागे राहिली. इथे उलट झालं. आदिलशाही गेली, निजामाचं राज्य गेलं, जिल्ह्याचं ठाणंसुद्धा १९०४ मध्ये नळदुर्गहून उस्मानाबादला हललं. बंधारा अजून पाणी अडवून आहे.

सावली पाहून आम्ही जुहर अदा केली. वुजूला बाटलीतलं पाणी पुरवून वापरलं. वाहत्या नदीकाठीसुद्धा पाणी वाया घालवू नये, ही शिकवण लहानपणी अम्मीकडून ऐकलेली. सोलापुरात वाढलेल्या पोरींना ती वेगळी पाठ करावी लागत नाही.

जेवून उपली बुरुजावर चढलो. वर लांबलचक तोफा आणि चारी बाजूंना मोकळा मुलूख. तेवढ्यात आमच्यातल्या एकीचा फोन वाजला. तिची मुलगी बीएस्सीला आहे. "अम्मी, आपल्याकडे आजच पाणी सोडणार म्हणतात. माझं प्रॅक्टिकल आहे. घरी जाऊ का?"

आम्ही तिघी गप्प. कारण ही मुलगी दर पाण्याच्या दिवशी घरी थांबते, हे आम्हाला माहीत होतं. आमच्याही घरात तेच. हजेरी कमी पडली म्हणून तिला कॉलेजातून एकदा ताकीद मिळाली होती. घरात तिचे दोन थोरले भाऊ आहेत. त्यांना कधी कुणी थांबवलं नाही.

मैत्रिणीने खाली चमकणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू प्रॅक्टिकल कर. मी भाईजानला सांगते." थोरल्याला फोन लावून तिने हौदाचा कॉक कुठे आहे इथपासून समजावलं. पोरगा बावीस वर्षांचा, पण घरात पाणी कुठून येतं हे त्याला ठाऊक नव्हतं! आम्ही हसलो, आणि मग हसू थांबलं. त्याला ते कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायचं होतं ते आम्हीच.

उतरताना सीताफळं घेतली. मगरीबपर्यंत घरी पोहोचलो. रात्री तिचा फोन आला. अंगणात चिखल झाला होता, दोन हंडे उघडे राहिले होते, पण हौद भरला होता. आणि प्रॅक्टिकल झालं होतं.

आता तिच्या कॅलेंडरवर पाण्याच्या दिवसांपुढे मुलांची नावं आहेत. आमच्या तिघींच्या कॅलेंडरवरही आली आहेत. एका घरात तर अब्बांनी आपलं नाव स्वतःहून लिहिलं. पुढच्या वर्षी इन्शाअल्लाह विजापूर पाहायचं आहे. तेव्हा फुल्या मारत बसावं लागणार नाही.