बाटलीतल्या रोपाचे घर

ऊतिसंवर्धित केळीचे रोप शेतात येण्याआधी काही महिने निर्जंतुक बाटलीत वाढते. जळगावच्या जैन इरिगेशनच्या प्रयोगशाळांतून ‘ग्रँड नैन’ वाणाची अशी रोपे खानदेशातल्या बांधाबांधावर पोहोचली. त्या यशात जीवशास्त्राइतकाच इमारतीच्या आराखड्याचाही वाटा असतो.

अशा इमारतीची मांडणी कामाच्या क्रमाने होते: आधी धुण्याची जागा, मग रोपांसाठी पोषक माध्यम तयार करण्याची खोली, तिथून ऑटोक्लेव्ह. त्यात १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेने बाटल्या निर्जंतुक होतात. पुढे कलम-कक्ष, म्हणजे ऊतींचे तुकडे बाटल्यांत लावण्याची खोली. तिथली हवा ०.३ मायक्रॉनचे कण किमान ९९.९७ टक्के अडवणाऱ्या हेपा गाळणीतून येते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवतात, म्हणजे दार उघडले तरी धूळ आत शिरत नाही. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहातही हेच तत्त्व वापरतात. क्षयरुग्णांच्या विलगीकरण कक्षात मात्र ते उलटते: दाब कमी असतो, कारण तिथे जंतूंना बाहेर जाऊ द्यायचे नसते.

त्यानंतरच्या वाढ-कक्षात तापमान साधारण २५ अंश आणि प्रकाश रोज सुमारे १६ तास लागतो. जळगाव-धुळ्याचा उन्हाळा ४५ अंशांना भिडतो, म्हणून उष्णतारोधक भिंती, वातानुकूलन आणि पर्यायी वीज ही इथे चैन नसून गरज ठरते. शेवटी रोपे हरितगृहात आणि शेडनेटमध्ये हळूहळू उन्हाला सरावतात.

शेतकऱ्याच्या हाती निरोगी रोप पडते, ते भिंतींनी राखलेल्या या शिस्तीमुळेच.