रविवारचा प्याला

तंजावरास बदली झाली तेव्हा येथील मराठी स्नेह्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बृहदीश्वराच्या देवळात नेऊन भोसल्यांचा शिलालेख दाखविला. परमुलखात आपली भाषा दगडावर कोरलेली पाहून मनाला काय वाटते, हे ज्यांनी बदल्या भोगल्या आहेत त्यांना सांगावयास नको. पुढच्या आठवड्यात मी एकटाच शिवगंगा बागेतील जुने चर्च पाहावयास गेलो. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याने ते १७७९ साली बांधविले. आत फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला एक संगमरवरी देखावा आहे. वृद्ध श्वार्ट्झ मरणशय्येवर पडला आहे आणि त्याचा शिष्य सरफोजी राजा त्याचा हात हाती घेऊन उभा आहे. श्वार्ट्झ वारला तो १७९८ साली. राजा आणि फकीर यांच्यातील अंतर त्या दोन हातांपाशी संपते. देवापुढे सारी माणसे सारखी, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. ते दगडात प्रथमच पाहिले असे वाटून मी बराच वेळ तेथे थांबलो.

पुढे जे वाचनात आले त्याने मात्र मनाला टोचणी लागली. त्याच श्वार्ट्झच्या मंडळीत वेल्लाळ ख्रिस्ती एकीकडे आणि अस्पृश्य गणलेल्या जातींतून आलेले ख्रिस्ती दुसरीकडे, असे बसत. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी हा भेद मंडळीतून तत्काळ नाहीसा व्हावा असे पत्र काढले, तेव्हा तंजावरच्या अनेकांनी बसण्याची जागा सोडण्याऐवजी मंडळीच सोडली. ज्याची भजने तमिळ ख्रिस्ती आजही गातात तो वेदनायगम शास्त्री हा श्वार्ट्झचाच शिष्य आणि सरफोजीचा आश्रित कवी. तोदेखील वेगळ्या बैठकीच्याच बाजूचा होता. एवढी गोड वाणी आणि एवढे आखूड मन! पण त्याला दोष देताना जीभ अडखळते. नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला १८९५ साली, लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात आपले सोवळे कसे एकेक पदर सुटत गेले हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त सांगितले आहे. त्यांनी ते हसतखेळत सांगितले. मला माझे तसे सांगता येणार नाही.

आमचे घराणे नगर जिल्ह्यातले. अमेरिकन मिशनचे काम तेथे १८३१ पासून चालू होते. आमच्या आजोबांच्या वडिलांना गावच्या विहिरीवर चढण्याची मुभा नव्हती. कोणी वरून ओतील तेवढे पाणी ओंजळीत घ्यावयाचे. बाप्तिस्म्यानंतर पहिल्या प्रभुभोजनास ते बसले तेव्हा त्यांच्या शेजारी एक ब्राह्मण ख्रिस्ती होते. पाळकांनी प्याला आधी त्या गृहस्थांच्या ओठांना लावला आणि तोच यांच्यापुढे धरला. यांचा हात असा थरथरला की द्राक्षरस अंगरख्यावर सांडला. तो अंगरखा आमच्या पणजीने पुष्कळ वर्षे धुतला नाही असे घरी सांगत. आमच्या घराण्याचा धर्म म्हणजे तो डाग, असे मी म्हणतो तेव्हा पत्नी रागावते. पण ते खरे आहे.

येथल्या मंडळीतही एकच प्याला फिरतो. उपासना तमिळमध्ये चालते. मला अर्धी कळते, अर्धी अंदाजाने. कठड्यापाशी गुडघे टेकताना माझ्या डाव्या हाताला बहुधा एक वयस्क गृहस्थ असतात. ते आमच्याच कचेरीत कंत्राटावर झाडलोटीचे काम करतात. रविवारी ते मला ‘स्तोत्रम्, तंबी’ म्हणतात. स्तोत्रम् हा तेथील ख्रिस्ती लोकांचा रामराम आणि तंबी म्हणजे धाकटा भाऊ. कचेरीत मात्र मी ‘सार’.

एका सोमवारी नवे अधिकारी माझ्या टेबलापाशी चहा घेत होते. मराठी माणूस भेटल्याचा त्यांना आनंद झाला होता. आडनाव विचारून झाले, गाव विचारून झाले आणि मग, आपल्याकडे विचारतात तसे, ‘म्हणजे मूळचे तुम्ही कोण?’ मी ‘नगरकडचे’ एवढेच म्हणून चहाचा घोट घेतला. गंमत अशी की जातीच्या दाखल्यांच्या फायली माझ्याकडेच असतात. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींत केवळ हिंदूंना धरले. १९५६ साली शीख आणि १९९० साली बौद्ध त्यांत आले, ख्रिस्ती आले नाहीत. बाप्तिस्म्याने जात धुऊन निघते हे निदान सरकारने मानले आहे. मंडळीने आणि शेजाऱ्यांनी मानावयाचे तेवढे राहिले आहे. हे उत्तर त्या अधिकाऱ्यांना देता आले असते. ते सुचले रात्री.

तेवढ्यात झाडू घेऊन ते गृहस्थ आत आले आणि आदल्या दिवशीच्या ओघात असतील, मोठ्याने म्हणाले, ‘स्तोत्रम्, तंबी!’ अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी फाईल उघडली आणि खाली पाहूनच म्हणालो, ‘तिकडचे टेबल पुसायचे राहिले आहे.’

ते टेबल पुसलेले होते. त्यांनी पुन्हा पुसले.

याकोबाच्या पत्रात सोन्याच्या अंगठीवाल्याला चांगली जागा देणाऱ्या आणि फाटक्या वस्त्राच्या माणसाला पायाशी बसविणाऱ्या मंडळीची कानउघाडणी आहे. मी ती वाचताना नेहमी स्वतःला फाटक्या वस्त्रात पाहत आलो होतो. पणजोबांमुळे ती जागा आपली वडिलोपार्जित आहे असेच मी धरून चाललो होतो.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम उशिरा उठलो. कठड्यापाशी बहुतेक लोक टेकले होते; त्यांच्या उजवीकडे मात्र एका माणसापुरती जागा होती. पाळक प्याला घेऊन आले. ते आधी प्याले. पाळकांनी कडा फडक्याने पुसून प्याला माझ्यापुढे धरला. बाहेर आल्यावर ते ‘स्तोत्रम्’ म्हणाले. ‘तंबी’ म्हणाले नाहीत.

याला आता चार महिने झाले. कचेरीत ते मला दोन्ही हात जोडून ‘नमस्कारम् सार’ म्हणतात. मी खोलीत एकटा असलो तर आपण होऊन ‘स्तोत्रम्, अण्णा’ म्हणतो. अधिकारी समोर असताना अजून म्हटलेले नाही.